घरच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचं विमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे खरंच घरी होण्यासारखं काम आहे का?

आहे. एखादा पत्रा कापणं किंवा भोक पाडणं कुणालाही दोन दिवसांत जमतं. कस लागतो तो त्याच त्याच कामाचा. छोट्या दोन आसनी विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) असतात आणि प्रत्येकामागे तीच साखळी असते: भोक पाडा, बर (भोकाच्या कडेला राहिलेला काटा) काढा, गरज असेल तर डिंपल (रिव्हेटचं डोकं समतल बसण्यासाठी दाबून केलेला खळगा) पाडा, प्रायमर लावा, रिव्हेट मारा. किटवरून (तयार भागांच्या संचावरून) बांधायचं तर साधारण १५०० ते २५०० तास धरा. आठवड्याला पंधरा तास निघाले तर २००० तासांना अडीच वर्षं लागतात. फक्त नकाशांवरून, प्रत्येक रिब (आतली फासळी) स्वतः घडवून बांधायचं असेल तर हा हिशोब विसरा, त्याला बराच जास्त वेळ लागतो.

जागा किती लागते?

दोन गाड्या मावतील इतकी, म्हणजे साधारण २० फूट बाय २० फूट. पंख वेगळे बांधले जातात. २४ फुटांच्या विमानाचा एक पंख ११-१२ फुटांचा असतो. तो उभा, पुढची कड खाली करून स्टँडवर ठेवला की फार जागा खात नाही. पंख फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) शेवटचे जोडायचे ते धावपट्टीजवळच्या हँगरमध्येच.

दोन टेबलं हवीत, प्रत्येक सुमारे २ फूट बाय ५ फूट, कमरेच्या उंचीची आणि वरून अगदी सपाट. आणि दाराची रुंदी आजच मोजा. तळघरात विमान बांधून ते बाहेर काढण्यासाठी भिंत फोडावी लागल्याचे विनोद या छंदात उगाच फिरत नाहीत.

किट घ्यावं की नुसते नकाशे?

आजच्या चांगल्या किटमध्ये पत्र्यांवरची भोकं यंत्रावर आधीच पाडलेली असतात. स्किनवरचं (बाहेरच्या पत्र्यावरचं) भोक रिबवरच्या भोकावर बसलं की भाग आपोआप सरळ येतो, पूर्वीसारखा मोठा जिग (भाग सरळ धरून ठेवणारा सांगाडा) लागत नाही. व्हॅन्सची आरव्ही मालिका, झेनिथचं सीएच ७५० किंवा सोनेक्स यांतलं एखादं निवडताना वेगाआधी जोडणीची पद्धत पाहा. आरव्हीच्या बहुतेक मॉडेलमध्ये ठोकून बसवायचे रिव्हेट आहेत (आरव्ही-१२ वेगळं). झेनिथ आणि सोनेक्समध्ये मुख्यतः ओढून बसवायचे. तुमचे पुढचे दोन हजार तास कसे जाणार ते यावर ठरतं.

किट असलं तरी एक काम हातानेच करावं लागतं. रिबची कड वळवताना ती वक्र होते आणि रिब केळ्यासारखी वाकते. फ्लूटिंगच्या पकडीने दोन भोकांच्या बरोबर मध्ये छोटी घडी दिली की कड आखडते आणि रिब सरळ होते. भोकावर घडी आली तर रिव्हेट बसणार नाही. सपाट टेबलावर ठेवून, भोकांची रांग सरळ रेषेत येईपर्यंत थोडं थोडं करा.

२०२४-टी३ आणि ६०६१-टी६ यांत काय फरक?

दोन्ही ॲल्युमिनियमचे मिश्रधातू. २०२४ मध्ये तांबं असतं. ते जास्त मजबूत, पण गंजायला सोपं, म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. हेच अल्क्लॅड. पातळ पत्र्यात हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के असतो. म्हणजे ०.०२५ इंची पत्र्यावर जेमतेम एक हजारांश इंच. ओरखडा त्याच्या आरपार गेला की संरक्षण संपलं. ६०६१ कमी ताकदीचं, पण गंजाला चांगलं तोंड देतं आणि वाकवायला माफ करणारं.

२०२४-टी३ वाकवताना आतली त्रिज्या नीट ठेवा. ०.०३२ इंची पत्र्याला सुमारे १/८ इंच ठेवली की निर्धास्त. पत्रा लाटल्याच्या दिशेला बारीक रेषा दिसतात, वाकवण्याची रेघ त्यांना आडवी घ्या. रेषांना समांतर वाकवलं की बाहेरच्या बाजूला चिरा पडतात, कधी लगेच, कधी रंग दिल्यावर.

पत्र्यावर शिसपेन्सिल चालवू नका. ग्रॅफाइट ॲल्युमिनियमवर राहिलं की ओलाव्यात तिथे गंज धरतो. सुईने आखणं तर त्याहून वाईट, कारण ती रेघ म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. बारीक टोकाचा मार्कर वापरा.

पत्र्यावरचं निळं प्लास्टिक कधी काढायचं?

आतल्या बाजूचं लगेच. बाहेरच्या बाजूला फक्त रिव्हेटच्या रांगांपुरत्या पट्ट्या काढतात: सोल्डरिंग आयर्नचं टोक घासून गोल करा, पट्टीच्या आधाराने प्लास्टिक वितळवत न्या, पट्टी सोलून निघते. मात्र वर्षानुवर्षं प्लास्टिक ठेवू नका. ते चिकटून बसतं आणि त्याखाली ओलावा अडकला तर गंजाची नक्षी उमटते.

सगळं इंचात का? मिलिमीटरचे ड्रिल चालतील का?

विमानाचे रिव्हेट, बोल्ट आणि पत्रे अमेरिकी मापांत येतात, म्हणून. ३/३२ इंची रिव्हेटला ४० नंबरचा ड्रिल (०.०९८ इंच) लागतो, १/८ इंचीला ३० नंबरचा (०.१२८५ इंच). २.५ मिमीचा ड्रिल ४० नंबरच्या जागी चालून जातो. १/८ साठी ३.३ मिमी घेऊ नका, भोक सैल होतं. क्लेकोचे (रिव्हेट मारेपर्यंत पत्रे एकत्र धरणाऱ्या तात्पुरत्या पिनांचे) रंगही मापांप्रमाणे असतात: ३/३२ ला चंदेरी, १/८ ला तांब्याचा, ५/३२ ला काळा.

सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत?

३-एक्स मापाची रिव्हेट गन, हवेचा ड्रिल, रिव्हेट हाताने दाबून बसवायचा स्क्वीझर, डिंपलसाठी सी-फ्रेम (डाय धरणारी चौकट), दोन-तीन बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचे जड ठोकळे), कॉम्प्रेसर आणि काहीशे क्लेको. पैसे वाचवायचे तर क्लेको जुने घ्या. बकिंग बारवर मात्र कंजूषी नको. टंगस्टनचा बार पोलादापेक्षा दुपटीहून जड, त्यामुळे छोट्या आकारात भरपूर वजन मिळतं. अरुंद जागेत रिव्हेट सरळ बसणं पुष्कळदा त्यावरच अवलंबून असतं.

एक इशारा: ॲल्युमिनियम दगडी ग्राइंडरवर घासू नका. दगडाची छिद्रं धातूने भरतात, दगड तापतो आणि फुटू शकतो. कडांसाठी स्कॉचब्राइटचं चाक आणि कानस.

बर काढणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

हो, आणि इथेच नवखे लोक दोन्ही टोकं गाठतात. भोकाच्या कडेला राहिलेला काटा पत्रे एकमेकांना टेकू देत नाही, आणि प्रत्येक खाच ही चिरेला आमंत्रण. पण डिबर करणारं हत्यार जोरात फिरवलं की भोकाची कड सुरीसारखी पातळ होते. पातळ पत्र्यात तर ते काउंटरसिंकच (डोकं बसण्यासाठी कापलेला उतार) झालं. हाताने, हलक्या दाबाने दोन-तीन फेरे. बोटाला काही लागत नसेल तर झालं. पत्र्याच्या कडांवरून नख फिरवा. नख अडलं की पुन्हा घासा.

डिंपल पाडायचा की काउंटरसिंक करायचं?

बाहेरच्या पत्र्यात डोकं समतल बसवायचं असेल तर १०० अंशांचा उतार हवा. ०.०३२ इंचापर्यंतच्या पत्र्यात तो डायने (साच्याने) दाबून करतात, म्हणजे डिंपल. ०.०४० आणि त्याहून जाड पत्र्यात कटरने कापून करता येतो. पातळ पत्र्यात कटर चालवलं तर भोक मोठं होतं आणि डोक्याखाली धारदार कड उरते, रिव्हेट तिथे सैल होतो.

सी-फ्रेममध्ये हातोडीचा एक पुरेसा घाव द्या. नीट पडलेल्या डिंपलभोवती प्रतिबिंब सरळ दिसतं, कमी पडला तर भोवती बशीसारखा खळगा दिसतो. या कामातला सगळ्यात महाग अपघात एका क्षणाचा असतो: डायची टोकदार काडी भोकात बसलेली नाही, पत्रा किंचित सरकलाय आणि हातोडी पडते. भोकाशेजारी दुसरं भोक. स्किन भंगारात. म्हणून पत्र्याला आजूबाजूला त्याच उंचीचा आधार द्या, आणि प्रत्येक घावाआधी पत्रा हाताने हलवून पाहा. डायवर अडकला असेल तर तो सरकणार नाही.

रिव्हेटची लांबी कशी काढायची?

पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. समजा ०.०२५ आणि ०.०३२ इंचाचे पत्रे ३/३२ च्या समतल रिव्हेटने जोडायचेत. जाडी ०.०५७. ३/३२ म्हणजे ०.०९४, त्याची दीडपट ०.१४१. बेरीज ०.१९८ इंच. खोक्यावर एएन४२६एडी३-३ (लांबी ०.१८८) आणि एएन४२६एडी३-३.५ (०.२१९) असे दोन पर्याय. इथे ३.५ घ्या. नावातला पहिला आकडा व्यास बत्तिसांशांत, दुसरा लांबी सोळांशांत. समतल डोकं पत्र्याच्या आतच बसतं म्हणून त्याची लांबी डोक्यासकट मोजतात. एएन४७० गोल डोक्याचा असतो, त्याची लांबी डोक्याखालून.

‘एडी’ म्हणजे २११७ मिश्रधातू. त्याच्या डोक्यावर मध्ये छोटा खळगा असतो. डोकं कोरं असेल तर तो मऊ शुद्ध ॲल्युमिनियमचा रिव्हेट. दोन्ही एकाच डब्यात मिसळले तर डब्याचा नाद सोडा आणि एकेक तपासून वेगळे करा. १/८ च्या एडी रिव्हेटची शिअर ताकद (कातरणारा भार सोसण्याची ताकद) ३८८ पौंड धरतात, मऊ रिव्हेट त्याच्या जवळपासही जात नाही.

भोकाचं केंद्र कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट आत हवं, म्हणजे १/८ साठी पाव इंच.

गनला दाब किती ठेवायचा?

३/३२ साठी ३५ ते ४० पीएसआयपासून (चौरस इंचाला पौंड) सुरुवात करा आणि भंगार पत्र्यावर जुळवा. रिव्हेट साधारण दोन-तीन सेकंदांत बसला पाहिजे. दाब कमी ठेवून दहा सेकंद टकटक करत राहिलं की रिव्हेट ठोक खाऊन कडक होतो आणि डोक्याला चिरा जातात. दाब जास्त ठेवला तर गन उडते आणि पत्र्यावर चंद्रकोर उमटते.

दोघांनी रिव्हेट मारताना आवाजात बोलायचं कसं?

आधी ठरवा की गन आधी टेकते आणि ‘तयार’ म्हणणारा बारवाला असतो. कारखान्यांतली जुनी खूण अजून उत्तम: बारवाला रिव्हेटवर एकदा टकटकवतो, म्हणजे ‘अजून मार’. दोनदा म्हणजे ‘झाला’. तीनदा म्हणजे ‘बिघडला, काढ’. बार हातात नसताना गन चालली तर स्किन आत जाते, आणि तो खड्डा कुठल्याही पुटीने मनातून जात नाही. दोघांच्याही कानांत बोळे, वर इअरमफ.

रिव्हेट नीट बसला हे कसं ओळखायचं?

ठोकून तयार झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. ३/३२ साठी ते सुमारे ३.६ मिमी रुंद आणि १.२ मिमी उंच येतं. छोटं गेज मिळतं, पहिले दोनशे रिव्हेट त्याने मोजा. मग डोळा तयार होतो.

नेहमीचे दोष चार. डोकं एका बाजूला कललेलं: बार तिरका धरला किंवा रिव्हेट लांब होता. डोकं चपटं आणि रुंद: जास्त मारलं. पत्र्यांच्या मध्ये फट राहून रिव्हेट तिथेच फुगलेला: क्लेको कमी लावले, किंवा बर राहिली. कारखान्यातून आलेल्या डोक्याखाली पातळ फट: गन घट्ट टेकवली नव्हती. यांतला तिसरा दोष सगळ्यात वाईट, कारण बाहेरून तो जवळजवळ दिसत नाही. फीलर गेजची सर्वांत पातळ पाती पत्र्यांमध्ये शिरते का ते बघा.

बिघडलेला रिव्हेट काढू की तसाच ठेवू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही: थोडा कललेला किंवा किंचित जास्त चपटा रिव्हेट तसाच ठेवा. तो जवळजवळ पूर्ण भार घेतो. तो काढण्याच्या नादात भोक लंबगोल झालं तर त्याची ताकद तर जातेच, शेजारच्या भोकाशी अंतरही कमी होतं. रांगेत एक मध्यम रिव्हेट असणं चालतं, इंग्रजी आठच्या आकड्याचं भोक चालत नाही. संध्याकाळी उशिरा, थकलेल्या हाताने एक रिव्हेट सुधारायला जाऊन पाच बिघडवणं हा या छंदाचा जुना रोग आहे.

काढायलाच हवा असेल (फट, चीर, किंवा डोकं खूप लहान) तर असा काढा. एडी रिव्हेटच्या डोक्यावरचा खळगा म्हणजे तयार केंद्रबिंदू, त्यात (३/३२ च्या रिव्हेटला) ४० नंबरचा ड्रिल टेकवा. ड्रिल मंद फिरवा. फक्त डोक्याच्या खोलीपर्यंत भोक पाडा, पत्र्यात शिरू नका. त्याच मापाचा पिन पंच भोकात घालून कलवा, डोकं तुटून पडतं. आता मागच्या बाजूला भोक असलेला लाकडी ठोकळा टेकवा आणि पंचाने दांडा हलकेच बाहेर ठोका. आधार न देता ठोकलं तर रिब वाकते. पातळ भागात मागचं डोकं कटिंग पकडीने पकडून हळू पिळत ओढणं जास्त सुरक्षित.

भोक थोडं मोठं झालंच तर त्यासाठी खास रिव्हेट मिळतो: दांडा १/८ चा, डोकं मात्र ३/३२ च्या डिंपलमध्ये बसेल इतकं लहान. पन्नास-एक घरात ठेवा. लागले नाहीत तर आनंदच.

बाजारातले पॉप रिव्हेट चालतील का?

विमानाच्या ढाच्यात नाही. ज्या विमानांच्या नकाशात ओढून बसवायचे रिव्हेट आहेत, तिथे निर्मात्याने सांगितलेला भाग क्रमांकच वापरा. साध्या पॉप रिव्हेटची मधली काडी कधी पडून जाते, ताकदही मोजलेली नसते.

प्रायमर लावायलाच हवं का?

अल्क्लॅडला नाही लावलं तर विमान लगेच गळून पडत नाही, पण जिथे दोन पत्रे टेकतात, जिथे पत्रा घासला किंवा कापला, तिथे लावाच. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर टिकाऊ. सगळीकडे जाड थर दिला तर वजन वाढतं, आणि ते परत काढता येत नाही. आधी स्कॉचब्राइटने खरवडून सॉल्व्हंटने पुसा. पोलादी वूल कधीही नको, त्याचे कण पत्र्यात रुतून गंजतात. झिंक क्रोमेट कर्करोगकारक आहे. फवारताना योग्य श्वसनयंत्र हवं.

इंधनाची टाकी गळते. का?

कारण सीलंट घाणेरड्या पृष्ठभागावर लागलं, किंवा भरपूर लागलं, पण चुकीच्या जागी. पॉलिसल्फाइड सीलंटचे दोन भाग वजनाने १०:१ मिसळतात. चमच्याने नव्हे, डिजिटल काट्यावर. एका वेळी ४०-५० ग्रॅमच मिसळा. बी-२ प्रकाराला सुमारे दोन तास काम करता येतं, उन्हाळ्यात कमी. रंग एकसारखा होईपर्यंत, पट्ट्या पूर्ण जाईपर्यंत ढवळा.

क्रम असा: रिबच्या कडेवर पातळ थर, स्किन बसवून क्लेको, डिंपलमध्ये थेंब घालून ओला रिव्हेट मारा, मग आत कोपऱ्यांना फिलेट (सीलंटची गोलसर पट्टी), आणि शेवटी प्रत्येक मागच्या डोक्यावर टोपी. सगळ्यात जास्त गळती मागच्या दोन कोपऱ्यांत होते, जिथे शेवटची रिब आणि मागची भिंत भेटतात. तिथे दोनदा भरा.

तपासणीला कॉम्प्रेसर सरळ जोडू नका. १० पीएसआय ऐकायला कमी वाटतो, पण एक चौरस फुटावर तो १४४० पौंडांचा जोर देतो आणि टाकी फुगून वाकडी होते. १ पीएसआय पुरे, म्हणजे सुमारे २७.७ इंच पाण्याचा स्तंभ. पारदर्शक नळीचा यू करून तो सहज मोजता येतो. एका तोंडाला फुगा लावा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. रात्री फुगा बारीक झाला म्हणून लगेच घाबरू नका, हवा गार झाली की तोही आकसतो. सकाळी तेवढंच तापमान झाल्यावर बघा.

बोल्ट किती घट्ट करायचे?

साध्या एएन बोल्टला: एएन३ ला २० ते २५ इंच-पौंड, एएन४ ला ५० ते ७०, एएन५ ला १०० ते १४०. लॉकनट मोकळा फिरवतानाच जो अडथळा लागतो तो मोजा आणि या आकड्यात मिळवा. पाना नटाला लावा, बोल्ट फिरू देऊ नका. सांध्याला फिरायचं असेल, जसं कंट्रोलच्या दांड्यांत, तिथे किल्ल्यासारखा खाचांचा नट आणि कॉटर पिन, फक्त नायलॉनचा लॉकनट नाही. घट्ट झालेल्या प्रत्येक नटावर रंगीत टॉर्क सीलची रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरलाय.

पंखाला पीळ बसलाय हे कधी कळतं?

रिव्हेट मारायच्या आधी कळलं पाहिजे. सपाट टेबलावर क्लेको लावलेलं कंट्रोल सरफेस (पंखाचा किंवा शेपटीचा हलणारा भाग) ठेवा, टोकाचे चार कोपरे बघा. पंखाला दोन टोकांच्या रिबवरून ओळंबे सोडा आणि डिजिटल लेव्हलने कोन जुळवा. एका बाजूची स्किन पूर्ण मारून मग दुसरी घेतली की पीळ कायमचा पक्का होतो. एकाआड एक रांग मारत जा.

वजन आणि गुरुत्वमध्य कधी पाहायचा?

सगळं जोडून झाल्यावर, विमान समतल करून तिन्ही चाकांखाली काटे ठेवा. प्रत्येक वजन गुणिले त्याचं संदर्भरेषेपासूनचं अंतर, तिघांची बेरीज, भागिले एकूण वजन. नुसती एक स्थिती नको: एकटा वैमानिक, दोघे, सामानासह, इंधन भरलेलं आणि संपत आलेलं. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असेल तर इंधन संपत आलेली आणि सामान भरलेली स्थिती सर्वांत मागची, तीच धोकादायक.

नोंदी ठेवायच्या का?

ठेवायच्या. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानाचा बहुतांश भाग शिक्षण किंवा छंदासाठी बांधणाऱ्यांनीच केलेला असावा लागतो, म्हणून ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. तारीख, तास, काय केलं आणि स्वतः काम करतानाचे फोटो ठेवा. देशोदेशी नियम वेगळे आहेत. पहिली टाकी बंद करण्याआधी स्थानिक विमान प्राधिकरणाला विचारा, बंद झालेल्या भागात तपासनीस डोकावू शकत नाही.

अर्धवट बांधलेलं किट स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

आधी टॉर्च आणि आरसा घेऊन जा. आतल्या बाजूची डोकी मोजा, कडेपासूनची अंतरं पाहा. निळं प्लास्टिक सोलून खालचा पत्रा बघा. नोंदवही नसेल तर बांधकाम कुणी केलं हे सिद्ध करणं अवघड जाईल. आणि मालक सांगेल की रिव्हेट सगळे सुरेख आहेत, तरीही मागे एकदा काढून पुन्हा मारलेले कुठे आहेत ते विचारा. तिथली भोकं आधी तपासा.